उलटे पाट

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. माझ्या आजोळच्या तळ्यावर सिंगाडे काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी ती सांगितली, तेव्हा मी आठ वर्षांचा असेन, कदाचित नऊ. पुढे मी पुष्कळ शिकलो, पुष्कळ वाचले, आणि त्या वाचनाने गोष्टीतली काही वाक्ये नकळत बदलली असतील. राजाची बिरुदे बावन्न होती की चोपन्न, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बाई मध्येच म्हणाल्या होत्या की, दोराने घासून घासून दगडाला बोटभर खोल खाच पडली होती. तेवढे मात्र पक्के आठवते, कारण त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. दोर किती मऊ, दगड किती कठीण.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, ज्या राजांची नावेही आता कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्याही आधीच्या काळी एक राज्य होते.

त्या राज्यात नदी नव्हती. एक मोठे तळे होते. दोन डोंगरांच्या मध्ये कुणा पूर्वजाने मातीचा उंच बांध घातला होता, आणि बांधाच्या खाली शेते, बागा आणि पेठ वसली होती. तळ्याच्या तळाशी दगडी मोरी होती. मोरीला नऊ भोके होती आणि प्रत्येक भोकात मांडीएवढे जाड लाकडी बूच ठोकलेले होते. शेतांना पाणी हवे असले की एखादे बूच काढायचे. तळे फार भरले की नऊच्या नऊ काढायची, नाहीतर बांध फुटायचा. किती भरले म्हणजे फार, ते कळावे म्हणून काठाच्या खडकात एक वाघ कोरला होता. पाणी वाघाच्या पंजांना लागले की सावध व्हायचे. पोटाला लागले की मग वाट पाहायची नाही.

ही बुचे काढायला पाणबुडे होते. बारा जण. त्यांचा एक नियम होता, आणि तो राजापेक्षा जुना होता: एक खाली, एक वर. खाली जाणारा कमरेला दोर बांधून, छातीशी दगड धरून उतरे. वरचा माणूस बांधावरच्या काळ्या दगडावरून दोर सोडत राही. बूच निघाले की पाणी भोकाकडे धावे आणि माणसाला तिथेच चिकटवून धरी. त्या क्षणी वरच्याने ओढायचे. जरा आधी ओढले तर बूच राहते, जरा उशीर झाला तर माणूस राहतो. दोर धरणाऱ्याच्या तळहाताला जे कळे, ते शिकायला दहा वर्षे लागत.

राजवाड्यात एक रिवाज होता. राजाच्या प्रत्येक नोकराला एक लाकडी पाट मिळे. वर्षातून एकदा, भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी, दरबारात सगळे पाट रांगांनी मांडत आणि ज्याने त्याने आपल्या पाटावर बसायचे. पाणबुड्यांची एक रांग, सुइणींची एक, वणव्यावर नजर ठेवणाऱ्या रानराख्यांची एक, स्वयंपाक्यांची एक, चवरी ढाळणाऱ्यांची एक. सगळ्यांत पुढे, सिंहासनाजवळ, चोपदारांची रांग. ते सोळा होते. राजा आला की त्याची बावन्न बिरुदे ललकारायची, हे त्यांचे काम. पण साधे ललकारून चालत नसे. सगळी बिरुदे एका दमात म्हणावी लागत. मध्ये श्वास घेतला तर राजाचे आयुष्य तेवढे कमी होते, अशी समजूत होती. प्रत्येक राजाने आपली दोन-तीन बिरुदे वाढवली होती, त्यामुळे चोपदार निवडताना छाती बघून निवडत. भात्यासारख्या छातीचे ते सोळा जण सावलीत उभे राहत, दूधभात खात आणि सहसा आजारी पडत नसत.

मग एकामागून एक तीन वर्षे पाऊस आला नाही. राज्याची तिजोरी रिकामी झाली. राजाचा प्रधान प्रामाणिक माणूस होता. त्याने स्वतःच्या घरचे घोडे सोडून दिले, एकवेळ जेवू लागला, आणि पुष्कळ विचार करून एक हुकूम काढला.

“कुणाला काढायचं नाही,” तो म्हणाला, “आणि कुणाला घ्यायचं नाही. जो मेला किंवा सोडून गेला, त्याचा पाट उलटा ठेवायचा. तिजोरी सावरेपर्यंत उलट्या पाटावर कुणी बसायचं नाही. जो उलटा पाट सुलटा करील, त्याला राज्याबाहेर घालवले जाईल.”

लोकांनी हुकूम वाखाणला. कुणाच्या पोटावर पाय आला नव्हता, कुणाची बाजू घेतली नव्हती. खरे सांगायचे तर मलाही तो अजून बराचसा न्यायाचाच वाटतो. घरात धान्य कमी असताना पंगत वाढवू नये, यात चूक ती काय. चूक कुठे होती हे मला तरी कळले नसते. प्रधानालाही कळले नाही. दर भाद्रपदात तो दरबाराच्या उंच ओट्यावर उभा राही आणि उलटे पाट मोजी. पहिल्या वर्षी एकतीस, दुसऱ्या वर्षी अठ्ठावन्न, तिसऱ्या वर्षी चौऱ्याऐंशी. आकडा वाढला की त्याचा वाळलेला चेहरा उजळे.

आता पाणबुड्यांचे काय झाले ते ऐका.

पाण्याखाली उतरणाऱ्याचे कान चाळिशीच्या आत जातात. हुकुमानंतरच्या पहिल्या वर्षी तिघे बहिरे होऊन घरी बसले. एकाला काठावर साप चावला. दोघे शेजारच्या राज्यात गेले. एकाची छाती धरली. असे करता करता बारातले दोघे उरले. एक होती भिवरा नावाची चाळिशीची बाई आणि दुसरा तिला हे काम शिकवणारा तिचा चुलता. बाकी कुणाची नावे बाईंनी मला सांगितली नाहीत, किंवा सांगितली असतील तर मी विसरलो.

भिवरा तीनदा पाट मांडणाऱ्या कारकुनाकडे गेली.

“माणूस द्या,” ती म्हणाली. “शिकायला वेळ लागतो. पाणी आल्यावर शिकवता येणार नाही.”

कारकुनाने तळ्याकडे बोट दाखवले. “भिवराबाई, तळ्यात पाणी घोट्याएवढं आहे. त्यात बुडायचं तर आडवं झोपावं लागेल.”

“आज घोट्याएवढं आहे.”

“मग आज माणूस नको. आणि उद्या हवा असला तरी हुकूम आहे.”

हुकुमानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात चुलता वारला. मरायच्या आदल्या दिवशी त्याने भिवराचा हात हातात घेतला, तळव्यावरचे दोराचे घट्टे अंगठ्याने चाचपले आणि म्हणाला, “पोरी, काहीही होवो, एकटी उतरू नकोस. राजा आला तरी नाही म्हण.”

“म्हणेन, काका,” ती म्हणाली.

त्या वर्षी मात्र मोठा पाऊस आला. आठ दिवस तो थांबलाच नाही. डोंगरांवरचे सगळे ओढे तळ्यात उतरले. नवव्या दिवशी सकाळी उघडीप झाली. तो भाद्रपदाचा पहिला दिवस होता, पाटांचा दिवस. आणि पाणी वाघाच्या पंजांवर चढले होते.

दरबार भरला. मोठा चोपदार पुढे आला, त्याने छाती भरून घेतली आणि बावन्न बिरुदे एका दमात म्हटली. सगळे राजाकडे बघत होते. भिवरा दाराशी उभी राहून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

मग प्रधान ओट्यावर चढला. “यंदा एकशे तीन पाट उलटे आहेत,” तो म्हणाला. “आणखी दोन वर्षं असंच चाललं तर आपण सावरलो.” लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा भिवरा पाणबुड्यांच्या रांगेत आली. त्या रांगेत बारा पाट होते. अकरा उलटे, एक सुलटा. ती आपल्या सुलट्या पाटावर बसली नाही. शेजारी चुलत्याचा पाट होता. ती वाकली, तो उचलला, सुलटा केला आणि त्यावर आपल्या खांद्यावरचा ओला दोर ठेवला.



“बाई,” प्रधान म्हणाला, “तो पाट तुझा नाही.”

“माझा नाहीच. दोराचा आहे.”

“हुकूम माहीत आहे ना?”

“माहीत आहे. पाणी पंजांवर आलंय, हे तुम्हाला माहीत आहे का?”

राजा पुढे झुकला. “पंजांवर आलंय तर तू इथे काय करतेस? जा आणि बुचं काढ.”

“नाही,” भिवरा म्हणाली.

राजाला हा शब्द ऐकायची सवय नव्हती. त्याने मोठ्या चोपदाराकडे पाहिले, जणू आपण बरोबर ऐकले ना, हे त्याने सांगावे. “नाही म्हणालीस?”

“नाही म्हणाले, महाराज. एकटी उतरणार नाही.”

“जीव इतका प्यारा आहे?”

“तुम्हालाही आहे. म्हणून तर दारावर चार भालेवाले आहेत.”

मागच्या रांगेतल्या सुइणीने पदर तोंडाला लावला. राजाचा चेहरा लाल झाला. “बांध फुटला तर खालची पेठ जाईल. तुझं स्वतःचं घर कुठे आहे गं?”

“बांधाखालचं पहिलंच,” भिवरा म्हणाली. “फुटला तर सगळ्यात आधी माझी चूल जाईल. पण हिशेब साधा आहे, महाराज. बुचं नऊ आहेत. पहिलं बूच काढताना मी भोकाला चिकटले, तर उरलेली आठ कोण काढणार? मी मेल्याने तुमचा बांध वाचत असता, तर मी इथवर आलेच नसते. सकाळीच उतरले असते.”

प्रधानाने हात वर केला. तो चिडला नव्हता. “दोराला दोन पहारेकरी घे. चार घे.”

“दोर बळाने धरत नाहीत, प्रधानजी. खाली बूच हललं की वर तळहाताला कळावं लागतं. ते आता या राज्यात एकाच हाताला कळतं, या हाताला. मी खाली गेले तर वर कुणी नाही. आणि खाली जायला आता माझा दमही पुरत नाही. डावा कान गेलाय. पूर्ण भरलेलं तळं मी सात वर्षांत पाहिलेलं नाही. मी वर राहते. खाली जायला मला दम द्या.”

“नवा माणूस मी देऊ शकत नाही,” प्रधान म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच दुःख होते. “तुला दिला तर उद्या शंभर जण येतील. प्रत्येकाचं म्हणणं खरं असेल. मी कुणाला नाही म्हणू? तिजोरीचा तळ मी रोज बघतो, बाई. तू बघत नाहीस.”

“मी दुसरा तळ बघते,” भिवरा म्हणाली. “आणि नवा माणूस मागितलाय कुणी? तिजोरी रिकामी आहे हे मला कळतं. आहेत त्यातला एक द्या.”

“कुठला?”

तिने बोट दाखवले. चोपदारांच्या रांगेकडे.

आधी एक जण हसला, मग सगळा दरबार हसला. मोठा चोपदारही हसला, पण बोट आपल्यावरच थांबले आहे हे लक्षात येताच त्याचे हसणे विरले.

“हसून झालं की इकडे बघा,” भिवरा म्हणाली. “प्रधानजी, तुम्ही वरून मोजता. एकदा खाली उतरा आणि या रांगांतून चाला.”

प्रधान ओट्यावरून उतरला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

पाणबुड्यांच्या रांगेत दहा उलटे, अकराव्यावर ओला दोर. रानराख्यांच्या विसांपैकी सतरा उलटे. सुइणींच्या रांगेत एका टोकाला दोघी, दुसऱ्या टोकाला एक, मध्ये सगळे लाकडी पाय वर. विहिरी उपसणारे, साप पकडणारे, घाटात वाट दाखवणारे, सगळीकडे तेच. मग तो पुढच्या रांगांत आला. चवरीवाले सगळे जागेवर. विडे लावणारे सगळे जागेवर. चोपदार सोळाच्या सोळा, आणि त्यांच्या पाटांवर गाद्या.

प्रधान गाद्यांकडे पाहत उभा राहिला.

“तुमचा हुकूम सगळ्यांना सारखाच होता,” भिवरा म्हणाली. “माणसं सारखी झिजत नाहीत. जिथे काम माणसाला खातं, तिथले पाट आधी उलटतात. जिथे सावली आहे, तिथे कुणी मरत नाही आणि कुणी सोडूनही जात नाही. तुम्ही कुणाची बाजू घेतली नाहीत, प्रधानजी. म्हणून तुमच्या वतीने मरणाने निवड केली.”

मोठ्या चोपदाराला राहवेना.

“अगं बाई, मला पोहता येतं, इथे सगळ्यांनाच येतं. म्हणून काय मी पाणबुडा झालो? माझं वय बघ, माझं पोट बघ.”

“पोट आपोआप बुडतं, चोपदारबुवा, त्याची काळजी नको. आज सकाळी तुम्ही बावन्न बिरुदं एका दमात म्हटलीत. मी मोजत होते. माझ्या चुलत्याचा भर ज्वानीतला दम चाळीस बिरुदांएवढा होता. या राज्यातला सगळ्यात मोठा दम तुमच्या छातीत आहे, आणि तो तुम्ही हवेत सोडता.”

चोपदाराला भीती वाटली की अभिमान, हे त्याचे त्यालाच ठरवता आले नाही. तो राजाकडे वळला. राजा म्हणाला, “हा गेला तर माझी बिरुदं कोण म्हणेल?”

“पंधरा उरतात,” भिवरा म्हणाली.

या वेळी कुणी हसले नाही. बाहेरून काठावरचा राखणदार धावत आला होता. पाणी वाघाच्या गुडघ्यांवर होते.

“ठीक आहे,” राजा म्हणाला. “पण चोपदाराला काही झालं, तर पाट सुलटा केल्याची शिक्षा राज्याबाहेर काढण्यावर थांबणार नाही.”

“दोर माझ्या हातात आहे,” भिवरा म्हणाली, आणि चुलत्याच्या पाटावरून दोर उचलला.

सगळा दरबार बांधावर आला. भिवराने काठच्या उथळ पाण्यात चोपदाराला दोनदा बुडवून काढले, एका ओंडक्याला बुचाला असते तशी आडवी दांडी बांधून बूच कसे धरायचे ते दाखवले. “पाय दगडाला लावा, दांडी धरा आणि मागे पडा. बाकी माझ्यावर सोडा.”

“भिवराबाई, खाली काळोख किती असतो?”

“डोळे मिटल्यावर असतो तेवढाच.”

“आणि दम किती उरला, ते मला कसं कळणार?”

“जे येतं ते म्हणा. मनातल्या मनात बिरुदं म्हणत उतरा. ‘रणकेसरी’ म्हणाल तेव्हा तळ लागेल. ‘प्रजापिता’ येईपर्यंत बूच हललं पाहिजे. हलो न हलो, त्यानंतर मी ओढणार.” मग तिने उरलेल्या पंधरा चोपदारांना बांधावर ओळीने उभे केले. “तुम्ही वर मोठ्याने म्हणा. म्हणजे खाली ते कुठवर पोचलेत, ते मला कळेल. रोजच्याच चालीने. फार घाई नको, फार संथ नको.”

असे त्या दिवशी पहिल्यांदा राजाची बिरुदे काहीतरी उपयोगाची झाली.

चोपदार उतरला. वर पंधरा गळे सुरू झाले. सिंधुगंभीर, मेरुधीर, दानसागर. दोर काळ्या दगडावरून सरकत होता. भिवराने डोळे मिटले होते. रणकेसरीला दोर थांबला. मग तो थरथरला, इतका बारीक की ओढायला मागे उभ्या केलेल्या चार पहारेकऱ्यांना जाणवलाही नाही. “ओढा,” ती म्हणाली. चोपदार वर आला, तोंड उघडून, डोळे विस्फारून. बांधाखालच्या कालव्यात पाणी फुसफुसत बाहेर पडले.

“निघालं,” तो म्हणाला. त्याचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. “अगं, निघालं की.”

दुसरे निघाले, तिसरे निघाले. दर वेळी तो काठावर पडून श्वास घेई, दूध नको म्हणे आणि पुन्हा उतरे. सहा निघाली. तोवर राजाही बांधावर अगदी पुढे येऊन उभा राहिला होता.

सातवे बूच फुगून घट्ट बसले होते. दोर थरथरेना. वर बिरुदे चालू होती. ‘प्रजापिता’ आले. आणि इथे ती चूक झाली, जी फक्त त्याच माणसांच्या हातून होऊ शकत होती. ‘प्रजापिता’ हे राजाचे आवडते बिरुद. राजा समोर असला की ते लांबवायचे आणि कमरेत वाकायचे, हा दरबाराचा शिरस्ता. राजा समोर होता. पंधराच्या पंधरा चोपदार वाकले, आणि तो एक शब्द लांबत लांबत गेला.

भिवराचे डोळे उघडले. बिरुद लांबले होते. खालच्याचा दम लांबला नव्हता.

“ओढा,” ती ओरडली, आणि कुणी हलण्याआधी तिने स्वतःला मागे झोकून दिले. दोर काळ्या दगडावर करकरला.

चोपदार वर आला तो निळा पडला होता. कानातून रक्त येत होते. हातात बुचाची मोडलेली दांडी होती. तिला धरून तो ओढतच राहिला होता. त्याला पालथा केला, पाठीवर थापा मारल्या. बऱ्याच वेळाने तो खोकला.

राजाने चोपदारांना विचारले, “तो शब्द का लांबवलात?”

“आपण समोर होता, महाराज. वाकलो.”

राजाने त्या मोडक्या दांडीकडे पाहिले. मग म्हणाला, “मी इथे नाही असं समजा.” आणि तो बांधावरून खाली, लोकांच्या मागे, कुणाला दिसणार नाही असा जाऊन उभा राहिला.

चोपदाराने कानाला चिंधी बांधली. त्याला कुणी जा म्हटले नाही. तो आपणच दोर कमरेला बांधू लागला. आठवे निघाले, नववे निघाले. सातवे राहिले ते राहिलेच. गोष्ट गोड करण्यासाठी मी नऊच्या नऊ म्हणू शकलो असतो, पण बाईंनी आठच सांगितली होती. आठ पुरली. सूर्य मावळायच्या आत पाणी वाघाच्या पोटाखाली अडले, आणि तिसऱ्या दिवशी पंजे उघडे पडले.

राजाने भिवराला बोलावले. “तू हुकूम मोडलास. पाट सुलटा केलास. माफी माग, म्हणजे विषय संपला.”

“चुकले असते तर मागितली असती,” भिवरा म्हणाली. “राज्याबाहेर जायचं तर जाते. पण पाट सुलटाच राहील.”

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधान म्हणाला, “महाराज, हुकूम मी काढला होता. तिला बाहेर काढलंत, तर माझाही पाट उलटा करावा लागेल.”

तो विषय तिथेच संपला. माफी कुणी मागितली नाही.

तिजोरी लगेच भरली नाही. हुकूमही उठला नाही. पुढची चार वर्षे राज्याने एकही नवा माणूस घेतला नाही. पण दर भाद्रपदात प्रधान ओट्यावर चढण्याआधी रांगांतून चाले. जिथे उलटे पाट दाट दिसत, तिथे तो दुसऱ्या रांगेतला माणूस उठवून बसवी. सोळा चोपदारांपैकी अकरा पाणबुड्यांच्या रांगेत गेले. चवरीवाले रानराखे झाले आणि पहिले काही दिवस फार कुरकुरले. प्रधानाने आपल्या कचेरीतले पाच जण विहिरींवर पाठवले, आणि त्यांचे पाट स्वतःच्या हाताने उलटे केले. राजाची बिरुदे सात राहिली, साध्या माणसाच्या साध्या दमात मावतील एवढी. त्याने राजाचे आयुष्य कमी झाल्याचे कुणी ऐकले नाही. मोठा चोपदार एका कानाने बहिरा झाला, आणि ज्या वर्षी तो काम सोडून घरी बसला, त्या वर्षी त्याचा पाट एकच दिवस उलटा राहिला.

म्हणून सांगतो: तंगीच्या दिवसांत नवा पाट मांडू नये हे खरे, पण रिकामा पाट कोणत्या रांगेतला आहे ते बघितल्याशिवाय तो उलटा करू नये.

आणि एक राहिले. भिवरा खरोखर बरोबर होती की नुसतीच हट्टी, ही शंका मला पुष्कळ वर्षे होती. मग एका कोरड्या साली आजोळचे तळे तळापर्यंत आटले आणि मी मुद्दाम तिथे गेलो. मोरीच्या बरोबर वर, बांधाच्या काठाला, एक काळा दगड आहे. त्याच्या कडेला एक खाच आहे. मी बोट घातले, तिसऱ्या पेरापर्यंत गेले. एकट्याने उतरणाऱ्याच्या दोराने अशी खाच पडत नाही. ती वरून ओढणाऱ्याच्या दोराने पडते.